आकाशातला तलाठी

“आजी, तुमच्या या धुऱ्यावर काहीतरी गडबड आहे हं,” ती पोरगी म्हणाली, आणि मी उपटलेलं गवत माझ्या हातातच राहिलं.

भादवा चालू होता. धान गुडघ्याच्या वर गेलं होतं आणि मी आमच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, धुऱ्याला म्हणजे मधल्या मातीच्या बांधाला लागून निंदण करत होते. पोरगी नागपूरहून आली होती, ऋतिका ढोमणे नावाची. गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल माझ्या बांधीने गिळलेली, दुसरी हातात, आणि काखेत शाळेच्या पाटीएवढं काचेचं यंत्र. त्या पाटीवर आमचं अख्खं खैरीटोला गाव उतरलं होतं. घरं नाहीत, माणसं नाहीत, नुसते बारीक बारीक चौकोन. धानाचे हिरवे, तलावाचा निळा.

“हे कोनं काढलं वं?” मी विचारलं.

“उपग्रहाने. वरून. कोणत्या शेतात धान आहे आणि कोणत्या नाही, ते वरूनच कळतं आता. मी फक्त खाली येऊन पडताळून बघते.”

“म्हंजे आकाशातला तलाठी.”

“तसंच समजा,” ती हसली. “फक्त हा चहा मागत नाही.”

मग तिने बोट ठेवलं. “ही तुमची बांधी, हिरवी. ती पलीकडची सयत्राबाईंची, तीही हिरवी. पण मधल्या धुऱ्यावर हा एक चौकोन तांबडा येतोय. इथे काय चाललंय, ते मला कळत नाहीये.”

“धुऱ्यावर काय चालनार? धुरा चालते का?”

“तेच ना. सोमवारी ग्रामपंचायतीत भिंतीवर अख्खा नकाशा दाखवणार आहोत. तेव्हा सगळ्यांसमोर विचारू. गावातलं कोणीतरी सांगेलच.”

गावातलं कोणीतरी सांगेलच!

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी तो धुरा कोरत होते.

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला धुरे छाटतात. फावड्याने बाजूचं गवत खरवडायचं, ओला चिखल लिंपायचा, म्हणजे पाणी टिकतं. त्या छाटण्यात हात जरा सैल सोडला की धुऱ्याची दोन-तीन बोटं माती आपल्या बांधीत येते. दोन-तीन वर्षांत रोवण्याची एक ओळ वाढते. सासऱ्याने दोघा भावांची वाटणी केली, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत माझा हात एकदाही आवळला गेला नव्हता. पलीकडची बांधी माझ्या धाकट्या जावेची, सयत्राची. दोघींचे नवरे गेलेले, पोरं बाहेरगावी, धान दोघीच पिकवत होतो. वाटणीच्या वेळी सासऱ्याने मध्ये तीन हात धुरा सोडला होता. त्याचा आता वीतभर राहिला होता. त्यावरून चालायचं तर डोंबाऱ्याच्या पोरीसारखं एकापुढे एक पाऊल टाकावं लागे.

तेही चाललं असतं. पण नाव माझं पुस्तकला कापगते. शाळा दुसरीपर्यंत झाली असली, तरी गावात धुऱ्याचं भांडण झालं की निवाड्याला मलाच बोलावतात. त्या भादव्याच्या तीन वर्षं आधी उरकुडा नाकाडे शेजाऱ्याचा धुरा कोरताना सापडला, तेव्हा भर सभेत मी त्याला उभं केलं होतं. म्हटलं, “उरकुड्या, आज धुरा कोरतोस, उद्या देवळाची पायरी कोरशील. जा, आत्ताच्या आत्ता माती परत टाक.” सगळं गाव बघत असताना त्याने माती परत टाकली. तेव्हापासून तो माझ्याकडे असा बघायचा, जसा मांजरीकडे कावळा बघतो. अंतर राखून, पण नजर न काढता.

आणि सोमवारी तोच उरकुडा पहिल्या रांगेत बसणार होता.

“काय वं पोरी,” मी साळसूदपणे विचारलं, “पावसात नसन दिसत त्याले? ढगात?”

“दिसतं की. ढगाच्या आरपार.”

मी दरवर्षी धुरा छाटायला मुद्दाम काळाकुट्ट ढगाळ दिवस धरत होते. लोक घरात बसतात म्हणून.

“आन् मागचं? जुनं?”

“पाच-सहा वर्षांची चित्रं आहेत ना. दर बारा दिवसाला एक. कुठे काय बदललं, सगळं कळतं.”

एवढं बोलून ती एका चपलेने मोहाखालच्या धुऱ्यावरून तोल सावरत पलीकडे गेली. सयत्रालाही पाटी दाखवली, बोट ठेवलं, काही बोलली. सयत्रा माझ्याकडे पाठ करून उभी होती, त्यामुळे तिचं तोंड मला दिसलं नाही. मला वाटलं, झालं, आता हिला कळलं. आता ही गावभर सांगेल, का माझ्या मोठीबाईनं माझी जमीन खाल्ली. कारण सयत्राचं तोंड म्हणजे तलावाचं फुटकं दार. एकदा उघडलं की खालची शेतं ओली झाल्याशिवाय बंद होत नाही.

दोन दिवस मला भाजी अळणी लागली. दर वेळी वर बघायची सवय लागली. गुरुवारी अंगणात केस विंचरत होते, तेव्हा सुद्धा डोक्यावर पदर घेतला. म्हटलं, बघत असेल मेला.

शेवटी ठरवलं. शुक्रवारी बाजार असतो. गाव दुपारी ओस पडतं. तेवढ्यात धुऱ्याला माती लावायची, तीन हात करून टाकायचा. सोमवारी कोणी काही म्हटलंच, तर म्हणायचं, या बघायला, धुरा जागच्या जागी आहे, तुमच्या पाटीलाच मोतीबिंदू झालाय.

शुक्रवारी सकाळी शेजारणी बोलवायला आल्या. मी कण्हत म्हटलं, “तुम्ही जा बायांनो, माझी कंबर धरली.” त्या गेल्या. बंडीचा आवाज वळणापलीकडे विरला, दुपार झाली, तशी मी लुगडं खोचलं, फावडं घेतलं आणि निघाले.

धुऱ्याशी पोचते तर काय, पलीकडच्या बांधीत कोणीतरी वाकलेलं.

सयत्रा. लुगडं खोचलेलं, हातात फावडं, केस चिखलाने चिकटलेले. आणि तिच्या बाजूने धुऱ्याला ओली माती लागलेली. तिच्या स्वतःच्या हाताने रोवलेली धानाची अख्खी ओळ त्या मातीखाली गाडलेली, नुसती पानांची टोकं वर.

ती मला बघून ताठ झाली. मी तिला बघून ताठ झाले. दोघींच्या हातात फावडी, जशा काही लढाईला आलोत.

“तू बाजाराले नाही गेली?” मी विचारलं.

“माझं डोकं दुखून रायलं, मोठीबाई. अन् तुमी? तुमची तं कंबर धरली म्हने.”

“धरली ना. जरा मोकळी कराले आली.”

“फावडं घेऊन?”

“टेकाले आनलं. अन् तू डोक्याले फावड्यानं शेकून रायली का?”

ती फावड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “खेकडे लय झाले. भोकं पाडली धुऱ्याले. बुजवून रायली.”

“कोठं हाय भोक?”

“बुजवलं ना.”

“अन् खेकडा?”

“तो आत रायला.”

मला हसू आवरेना. पण मी मोठी जाऊ, म्हणून दात दाबले. आणि मग तिच्या मातीकडे नीट बघितलं. खेकड्याचं भोक मूठभर मातीने बुजतं. ही तर धुऱ्याच्या या टोकापासून वीस पावलं माती लावत आली होती. हातभर रुंद, दोरी धरल्यासारखी सरळ.

माझ्या डोक्यात काहीतरी टकटक वाजलं.

“सयत्रे,” मी म्हणाले, “किती वर्सं?”

“काय किती वर्सं?”

“माझ्याशी खोटं बोलू नको. तो वर पाहून रायला.”

तिने खरंच वर बघितलं. मग खाली बघून म्हणाली, “तुमी आधी सांगा.”

“मी मोठी हाव. तू आधी सांग.”

“अकरा,” ती पुटपुटली.

“मीबी अकरा.”

आम्ही दोघी धुऱ्याच्या दोन बाजूंना चिखलात उभ्या. मध्ये वीतभर माती. मग सयत्राच म्हणाली, “आता समजलं. मी दरवर्सी दोन-तीनच बोटं काढू, अन् धुरा पाच-सहा बोटं कमी होऊन जाये. मी म्हनू, पानी वाहून नेते.”

“अन् मी त्या पावसाले शिव्या देऊ!”

“पन मोठीबाई...” तिने बोटं मोजत हिशेब लावला. सयत्रा हिशेबाला पक्की. “वाटनीत सासऱ्यानं काय सांगतलं होतं? अर्धा धुरा हिचा, अर्धा तिचा. म्हंजे मी माझा अर्धा खाल्ला अन् तुमी तुमचा अर्धा.”

“मंग?”

“मंग कोनी कोनाचं काहीच नाही खाल्लं.”

अकरा वर्षं. अकरा वर्षं मी त्या ओळीचा तांदूळ शिजवताना मनात म्हणत होते, का पुस्तकला, हा घास सयत्राचा आहे. आणि लाज वाटण्याऐवजी तो जरा जास्तच गोड लागायचा! आणि शेवटी निघाला माझाच घास. खरं सांगते, चोरी उघडकीला येण्याच्या भीतीपेक्षा चोरी झालीच नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

“चल मंग, घरी जाऊ,” मी म्हणाले. “चोरीच नाही तं भ्याचं काहाले?”

“वा! अन् सोमवारी? भिंतीवर दिसन का सासऱ्याचा तीन हात धुरा वीतभर झाला. कोनं काय खाल्लं हे तुमी-मी उरकुड्याले समजावून सांगनार? तो म्हनन, निवाडा करनारीच धुरा कोरते.”

तेही खरं होतं. उरकुड्याला ऐकून घ्यायचं नव्हतं. त्याला मला भर सभेत उभं केलेलं बघायचं होतं.

“तं मंग तीन हात पुरा करू,” मी म्हणाले, आणि हाताने मापायला वाकले.

“तुमच्या हातानं नाही,” सयत्रा म्हणाली. “तुमचा हात आखूड हाय.”

“तुझा काय तलावापावेतो पोचते का?”

“मी माझा नाही म्हनत. धुरा कोनं सोडला? सासऱ्यानं. तं हात त्यायचा धरा लागन.”

सासरा आमचा उंच होता. दारातून येताना वाकून यायचा. पण त्याचा हात किती लांब होता, हे सांगायला सासरा कोठे होता?

“आपल्या सव्वा हाताचा असन,” मी म्हणाले.

“सव्वा? माझ्या लग्नात मांडवाची दोरी खाली उभं राहून बांधली त्यायनं. दीड म्हना.”

सयत्रा मला सासऱ्याबद्दल सांगणार! मी त्या घरात तिच्या आठ वर्षं आधी आलेली. तिने दीड म्हटल्यावर मी सव्वावर थांबले असते, तर तिने जन्मभर ऐकवलं असतं, का मोठीबाईनं सासऱ्याचा हात छाटला. म्हणून मी म्हणाले, “दीडच. मी तं तुझी परीक्षा घेत होती.”

तीन हात, दीडपट. आमचे साडेचार हात.

शुक्रवार, शनिवार आणि रविवार, आम्ही दोघींनी माती ओढली. तिने तिच्या बांधीतली, मी माझ्या बांधीतली. आपणच वाकून रोवलेलं धान आपल्याच फावड्याखाली गाडायचं म्हणजे काय, ते ज्याने रोवणा केलाय त्यालाच कळेल. बाजारातून परतलेल्या बायांनी विचारलं, तेव्हा दोघींनी एका सुरात सांगितलं, “खेकडे!” एक म्हातारी तर घाबरून आपला धुरा बघायला गेली. उरकुडा दोनदा लांबून गेला. काही बोलला नाही. नुसता उभा राहिला, बिडी ओढली आणि गेला. त्याचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जड गेलं.

धुरा चाळीस पावलांचा, त्यावर साडेचार हात रुंदी. रविवारी संध्याकाळी आम्ही त्यावर शेजारी शेजारी चाललो. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी ग्रामपंचायतीची खोली भरली होती. भिंतीवर पांढरं धोतर ताणलेलं. आम्ही दोघी बायांच्या रांगेत, मांडीला मांडी लावून. उरकुडा अपेक्षेप्रमाणे पुढे, धुतलेलं धोतर नेसून, जसा काही लग्नाला आला होता.

पोरीने यंत्र लावलं आणि आमचं गाव धोतरावर उमटलं. लोक खुळ्यासारखे ओरडायला लागले. “ते माझं!” “अबे, तुझं नाही ते, तो तलाव आहे!” पोरगी सांगत होती, हिरवं म्हणजे धान, निळं म्हणजे पाणी, तांबडं म्हणजे जे ओळखता आलं नाही ते. अख्ख्या गावात तांबडा एकच चौकोन होता.

उरकुडा उठला. “म्याडम, ते तांबडं जरा मोठं करून दाखवा ना.”

सयत्राने माझं मनगट धरलं.

पोरीने मोठं केलं. “हं, हेच मला विचारायचं होतं. पुस्तकला आजी, या धुऱ्याच्या टोकाला काय आहे हो? मोठं झाड आहे का?”

“मोहाचं हाय,” माझ्याआधी चार जणांनी सांगितलं. “दीडशे वर्साचं!”

“अगंबाई, मोह! बरोबर. त्याच्या पसाऱ्यामुळे गडबड होत होती. तुमच्याकडे आले तेव्हा चपलेच्या नादात वर बघितलंच नाही मी.” तिने काहीतरी दाबलं आणि तांबडा चौकोन गर्द हिरवा झाला. “झालं. मिटलं.”

मिटलं? मी घसा खाकरला. “अन् पोरी, धुरा? धुरा कसा दिसते?”

“धुरा यात दिसत नाही आजी. हा एकेक चौकोन दहा-दहा मीटरचा आहे. धुरा सोडा, तुमची बंडी बैलांसकट उभी केली तरी दिसणार नाही.”

सयत्राने माझ्या मांडीला असा चिमटा काढला, का त्याचा डाग पुढे आठ दिवस होता. तीन दिवसांची माती, आठ ओळी धान, दोघींच्या कमरा. आणि वरचा मेला आंधळा!

तरी जीव भांड्यात पडला. मी उठायच्या बेतात होते. उरकुडा मात्र बसला नव्हता.

“वरून नाही दिसत म्हनता, म्याडम,” तो म्हणाला, “पन मले खालून दिसते ना. शुक्रवारपासून पाहून रायलो मी. या दोघी काय करून रायल्या तं.”

माझ्या कानात धान मळल्यासारखा आवाज यायला लागला. त्याने माझ्याकडे वळून बघितलं. डोळ्यांत असं काही होतं, का मला समजलं, याला सगळं ठाऊक आहे. वीतभर धुराही ठाऊक आहे आणि साडेचार हातही.

“या दोघींनं,” उरकुडा सावकाश म्हणाला, “आपल्या हातानं रोवलेलं धान गाडून साडेचार हात वाट सोडली. कोनासाठी? तलावाखालच्या बारा घरांसाठी! आमाले बंडी घेऊन तलावाले वळसा माराव लागते, ते याहिले पाहवलं नाही. अशा बाया गावात पाहिजे. ग्रामसेवक साहेब, आजच्या सभेत ठराव लिहा. तो धुरा आता पांदन, बंडीवाट. सगळ्यायच्या वहिवाटीची. पुस्तकलाबाईचे अन् सयत्राबाईचे उपकार माना.”

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. पोरगी म्हणाली, “आजी, किती छान!” उरकुडा हात जोडून माझ्याकडे बघत होता आणि मिशीत हसत होता. मी नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न त्याच्या ओठावर तयार होता. मग धान गाडलं काहाले बाई?

मेल्याने पांदण मागितली, पण फास घातला. कोरायला धुराच राहू दिला नाही. आणि वरून उपकार!

“मोठीबाई,” सयत्रा कानात म्हणाली, “आता?”

“हास,” मी म्हणाले. “दात दाखवून हास.”

आणि मी उभी राहिले. पदर नीट केला. सभेत मी उभी राहिले का लोक आपोआप गप्प होतात, ती सवय त्या दिवशीही त्यांना होतीच.

“उरकुडाभाऊ बोलले ते खरं हाय,” मी म्हणाले. “लिहा साहेब. साडेचार हात. आमचं काही म्हननं नाही. पन पांदन म्हनलं का ती कोठंतरी पोचली पाहिजे ना? आमचा धुरा मोहापाशी संपते. तिथून बारा घरांपावेतो मधात कोनाची बांधी हाय?”

मागून एक म्हातारा म्हणाला, “उरकुड्याची.”

“हाव. त्यायचीच. तं वाट मधातच तोडाची का? त्यायले बारा घरांची एवढी कळकळ. त्यायनं सांगतलं नाही, ते लाजतात. पन मले ठाऊक हाय, त्यायच्याबी मनात साडेचार हात सोडाचे हाय. त्यायचंबी नाव लिहा. अन् आमच्या आधी लिहा.”

टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या पडल्या. तलावाखालची बारा घरं तर उभीच राहिली. कोणीतरी उरकुड्याच्या गळ्यात आपला गमछा घातला. त्याने गमछा चाचपला आणि शेवटी सगळ्यांना हात जोडले. ग्रामसेवकाने लिहून घेतलं. तिघांनी सह्या केल्या. माझी सही दुसरीतली आहे, पण ठळक येते.

मी खाली बसले. सयत्रा गालात हवा धरून बसली होती, फुटायच्या बेतात.

“मोठीबाई,” तिने विचारलं, “त्याची बांधी किती लांब असन वं?”

“आपल्या दुप्पट,” मी म्हणाले.